९८ किलोंचा चालक आणि ३७ मिलिमीटरचा फोर्क : एम्युलेटर संचाचे परीक्षण

माझे वजन ९८ किलो आहे. बूट, हेल्मेट, गुडघ्यांची आणि छातीची कवचे व पाठीवरची पाण्याची पिशवी धरली, तर गाडीवर बसताना ते १०८ किलोंपर्यंत जाते. माझ्याकडे हिरो एक्सपल्स २०० ४व्ही ही मोटरसायकल आहे आणि ती मी प्रामुख्याने पुणे जिल्ह्यातल्या वेल्हे, केळद, मढे घाटाच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर चालवतो. या गाडीच्या पुढच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या आणि आत स्प्रिंग व तेल असलेल्या दोन नळ्यांमध्ये, मी रेस टेक या अमेरिकी कंपनीचा ‘गोल्ड व्हॉल्व्ह कार्ट्रिज एम्युलेटर’ हा तेलाचा प्रवाह आवरणारा झडपसंच बसवून घेतला, त्याच्याबरोबर जाड तारेच्या स्प्रिंगा करून घेतल्या आणि त्यानंतर सुमारे ४,२०० किलोमीटर चाललो. हे परीक्षण त्या एम्युलेटरचे आहे. परंतु स्प्रिंगचा आणि तेलाचा विचार बाजूला ठेवून त्याविषयी काही सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, म्हणून तिन्हींविषयी लिहितो.

आधी गाडीविषयी. एक्सपल्सचा पुढचा फोर्क ३७ मिलिमीटर व्यासाचा असून त्याचा ट्रॅव्हल, म्हणजे दबण्याचा पूर्ण पल्ला, १९० मिलिमीटर आहे. आत साधी डॅम्पर रॉड, म्हणजे तेल जाण्यासाठी भोके असलेली पोकळ दांडी, आहे आणि बाहेरून फिरवता येईल असा एकही स्क्रू त्यावर नाही. सरासरी वजनाचा चालक, रोजचा रस्ता आणि अधूनमधून कच्ची वाट असा मेळ घालून केलेली ही रचना आहे, आणि ६५-७० किलोंच्या माझ्या मित्राने हीच गाडी त्याच वाटेवर चालवली तेव्हा तिच्यात त्याला काहीही खटकले नाही. तेव्हा ही गाडीची खोड नव्हे. माझे वजन त्या मापात बसत नाही, एवढाच मुद्दा आहे.

वजन मापात बसत नाही म्हणजे नेमके काय होते, हे आकड्यांत पाहणे फार आवश्यक आहे, कारण ‘फोर्क मऊ आहे’ या एका तक्रारीखाली दोन-तीन निरनिराळे दोष दडलेले असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो. फोर्कच्या नळीला एक केबल टाय बांधून मी मोजणी केली. पुढचे चाक हवेत असताना फोर्कची जी पूर्ण लांबी असते, तिच्यापेक्षा गाडी नुसती जमिनीवर टेकल्यावर ३५ मिलिमीटर कमी भरली. मी सर्व साहित्यासह फुटरेस्टवर उभा राहिलो तेव्हा ती ८४ मिलिमीटर कमी भरली. या बसण्याला सॅग म्हणतात. कच्च्या वाटेवर चालकासह सॅग एकूण ट्रॅव्हलच्या साधारण २५ ते ३० टक्क्यांच्या आसपास असावा, म्हणजे १९० मिलिमीटरच्या फोर्कमध्ये ५० ते ६० मिलिमीटर. माझा सॅग ४४ टक्के होता. याचा अर्थ असा की पहिला दगड लागण्यापूर्वीच जवळपास निम्मा फोर्क मी खर्च करून बसलो होतो, आणि उतारावर पुढचा ब्रेक दाबला की उरलेल्यातलाही बराचसा संपत होता. वेल्ह्याच्या पुढे भातखाचरांमधून जाणारी एक वाट आहे. तेथे गुडघाभर उंचीच्या बांधावरून उतरताना प्रत्येक वेळी फोर्कच्या बुडातून ‘ठण्ण’ असा धातूवर धातू आपटल्याचा आवाज येत असे. तो आवाज मनगटापेक्षा काळजाला जास्त लागतो.

या स्थितीत बहुतेक मेकॅनिक जो पहिला इलाज सुचवतात, तोच मलाही सुचवला गेला. ‘साहेब, वीसचं तेल घालू आणि वरून पाइपचा तुकडा टाकू, एकदम टणक होईल,’ असे एका कारखान्यात मला सांगण्यात आले (वीस हा तेलाच्या जाडीचा दर्जा) आणि मी मान डोलावली. प्रत्येक नळीत स्प्रिंगवर २० मिलिमीटर अधिक उंचीचा स्पेसर बसवला गेला आणि ‘थोडे जास्त असलेले बरे’ म्हणून तेलही मापापेक्षा अधिक भरले गेले. सॅग ८४ वरून ६४ वर आला, त्यामुळे कागदावर काम झाले होते. प्रत्यक्षात मात्र गाडी इतकी वाईट चालू लागली की तासाभरात माझे हात भरून आले. महिन्याभरात डाव्या नळीचे ऑइल सील (तेल अडवणारी कडी) फुटून तेल ब्रेकच्या डिस्कपर्यंत ओघळले. त्या कारखान्यातील माणसांचा हेतू चांगला होता. परंतु हा इलाज चुकीचा का आहे, हे समजून घेतल्याशिवाय एम्युलेटरची किंमत कळत नाही, म्हणून त्याची फोड करतो.

पहिली गोष्ट स्पेसरची. स्पेसर घालून प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा सुरुवातीचा दाब, वाढवला म्हणजे स्प्रिंग कडक होते, हा समज फार पसरलेला आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांवर ठरतो. तिला वरून दाबून बसवल्याने तो बदलत नाही. प्रीलोडने फक्त गाडीची उभी राहण्याची उंची बदलते. माझ्या गाडीत चालकासह सॅग सुधारला, पण नुसत्या गाडीचा सॅग ३५ वरून १५ मिलिमीटरवर आला, म्हणजे खड्ड्यात चाक खाली उतरायला जागाच उरली नाही. चढाला जरा पुढचा भार हलका झाला की फोर्क वरच्या टोकाला जाऊन ठोकर देऊ लागला. नुसत्या गाडीचा आणि चालकासह असे दोन्ही सॅग एकत्र पाहिले तरच स्प्रिंग योग्य आहे की नाही हे कळते. चालकासह सॅग जागेवर आणताना नुसत्या गाडीचा सॅग नाहीसा होत असेल, तर स्प्रिंगच नरम आहे असे निश्चित समजावे.

दुसरी गोष्ट तेलाची, आणि माझ्या मते सगळा गोंधळ येथेच आहे. डॅम्पर रॉडच्या फोर्कमध्ये डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगची हालचाल आवरणे, होते ते ठरावीक आकाराच्या भोकांतून तेल ढकलले गेल्यामुळे. अशा भोकाचा स्वभाव असा की चाक दुप्पट वेगाने वर आले तर अडथळा दुप्पट होत नाही, जवळपास चौपट होतो. ब्रेक लावल्यावर फोर्क खाली बसतो ती हालचाल संथ असते. तिला भोक फारसा विरोध करत नाही. पण ताशी ४० किलोमीटर वेगाने मुठीएवढा दगड लागतो तेव्हा चाक क्षणार्धात वर येते, तेल भोकातून जायला मागत नाही आणि फोर्क लोखंडी कांबीसारखा ताठ होतो. म्हणजे जेथे आधार हवा तेथे तो लेचापेचा आणि जेथे तो दबायला हवा तेथे ताठ. जाड तेल घातल्याने हा स्वभाव बदलत नाही. ब्रेकखालचे बसणे थोडे कमी होते आणि त्याची किंमत प्रत्येक दगडागणिक मनगटांना मोजावी लागते. शिवाय फोर्क दबताना आणि पुन्हा उलगडताना, म्हणजे कॉम्प्रेशन आणि रिबाउंड या दोन्ही दिशांना, तेच एक तेल काम करते. कॉम्प्रेशनसाठी तेल जाड केले की रिबाउंडही मंदावतो. एकापाठोपाठ एक दगड आले की फोर्कला पुन्हा उलगडायला वेळ मिळत नाही आणि तो प्रत्येक दगडाला आणखी खाली बसत जातो. ओढ्यातल्या गोट्यांवरून जाताना पुढचे चाक आपोआप एका बाजूला का सटकते आहे, हे मला बरेच दिवस कळत नव्हते. कारण हेच होते.

एम्युलेटर नेमकी हीच गाठ सोडवतो. तो फोर्कच्या आत, डॅम्पर रॉडच्या माथ्यावर बसणारा, आगपेटीहून लहान असा एक गोल झडपसंच आहे. मुख्य स्प्रिंग त्याला वरून दाबून जागेवर धरते. फोर्क दबला की तेल रॉडच्या पोकळीतून वर येते आणि या झडपेला धडकते. झडपेवर एक छोटी स्प्रिंग असते. संथ हालचालीत झडप मिटलेली राहते आणि तेल तिच्यातल्या बारीक भोकातूनच झिरपते, म्हणून ब्रेकखाली फोर्क आधार देतो. फटका जोराचा असला की तेलाचा दाब त्या छोट्या स्प्रिंगवर मात करतो, झडप उचलली जाते आणि तेल मोकळे वाहते, म्हणून दगड हातापर्यंत पोहोचत नाही. उलट दिशेला, फोर्क उलगडताना, एम्युलेटरमधील दुसरी चकती तेलाला जवळजवळ मोकळी वाट करून देते आणि रिबाउंडचे काम पूर्वीप्रमाणे रॉडच्या वरच्या लहान भोकांकडे आणि तेलाच्या जाडीकडे राहते. कॉम्प्रेशन झडपेवरून ठरवायचे आणि रिबाउंड तेलावरून, अशी ही वाटणी आहे. जड चालकासाठी ही वाटणी होणे हाच खरा लाभ आहे, कारण त्याला दोन्हींची गरज वाढलेली असते, पण सारख्या प्रमाणात नव्हे. थायलंडच्या वायएसएस कंपनीचे पीडी व्हॉल्व्हही याच तत्त्वावर चालतात.

या गाडीचे नाव घातलेला तयार संच मला मिळाला नाही, म्हणून ३७ मिलिमीटरच्या फोर्कसाठीची सर्वसाधारण जोडी मागवली. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून ती मला सुमारे २६,००० रुपयांना पडली. ही रक्कम लहान नाही. तुलनेसाठी सांगायचे तर हिरोने २०२० मध्ये एक्सपल्ससाठी जो रॅली किट आणला, त्याची किंमत तेव्हा ३८,००० रुपये होती आणि त्यात २५० मिलिमीटर ट्रॅव्हलचा समायोजन करता येणारा फोर्क, मागे २२० मिलिमीटर ट्रॅव्हलचा शॉक (मागच्या चाकाचा धक्काशोषक), मॅक्सिसचे टायर आणि इतरही साहित्य होते. उंच माणसाने तो मार्ग अवश्य विचारात घ्यावा. माझी उंची ५ फूट ६ इंच आहे आणि ८२५ मिलिमीटरच्या मूळ आसनावरही उतारावर माझे दोन्ही पाय पूर्ण टेकत नाहीत. आणखी उंच गाडी उतरत्या घसरड्या वाटेवर तोल गेल्यावर सावरणे मला जमले नसते. मला ट्रॅव्हल वाढवायचा नव्हता, आहे तो नीट वापरायचा होता.

स्प्रिंगा मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात करून घेतल्या. मूळ स्प्रिंग ड्रिल मशीनच्या शिराखाली ठेवून, खाली वजनकाटा मांडून मी मोजली होती. ती एक मिलिमीटर दाबायला सुमारे ०.४५ किलो भार लागत होता. मला ०.६० हवे होते. कारागिराने एक फार उपयोगी गोष्ट समजावून सांगितली. तारेचा व्यास थोडासा वाढला तरी स्प्रिंगचा कडकपणा त्याच्या चौथ्या घाताने वाढतो, तेव्हा ४.२ मिलिमीटरच्या जागी ४.५ मिलिमीटरची तार घेतली आणि बाकी माप तेच ठेवले, तर कडकपणा जवळपास एकतृतीयांशाने वाढतो. मात्र जाड तारेची वेटोळी एकमेकांना लवकर भिडतात. म्हणून वेटोळ्यांची संख्या गुणिले तारेची जाडी हा हिशेब करून, फोर्क पूर्ण दबल्यावरही स्प्रिंग पूर्ण मिटत नाही याची खात्री आम्ही आधी करून घेतली. माझ्या मापात शेवटी ७ मिलिमीटरची जागा उरत होती. हा हिशेब न करता कोणीही स्प्रिंग बदलू नये. स्प्रिंग मिटून जाणे म्हणजे फोर्क लोखंडावर लोखंड होणे, आणि ते नेमके सर्वांत मोठ्या उडीच्या वेळी घडते.

बसवण्याच्या कामाविषयी सविस्तर सांगतो, कारण या वस्तूचे यश निम्म्याहून अधिक तिच्या बसवण्यावर अवलंबून आहे. फोर्क पूर्ण खोलून, बुडाचा ॲलन बोल्ट काढून डॅम्पर रॉड बाहेर काढावी लागते. या रॉडच्या तळाशी कॉम्प्रेशनची भोके असतात. ती मूळ आकाराची राहिली तर तेलाची अडवणूक तेथेच होत राहील आणि एम्युलेटरला कामच उरणार नाही, म्हणून ती मोठी करावी लागतात. आम्ही प्रत्येक रॉडला ८ मिलिमीटरची सहा भोके केली, तीन जोड्यांत. रॉड कमकुवत होऊ नये म्हणून प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या काटकोनात आणि तिच्यापासून अंतर ठेवून पाडली. वरच्या रिबाउंडच्या भोकांना हात लावायचा नाही. भोकांच्या कडांचा कीस कानशीने व पॉलिश पेपरने काढून रॉड आतून-बाहेरून डिझेलने दोन वेळा धुतली. आत राहिलेला ॲल्युमिनियमचा अथवा लोखंडाचा एक कणसुद्धा झडपेखाली अडकू शकतो. एकदा भोके पाडली की ती रॉड मूळ स्थितीत येत नाही, म्हणून नाना पेठेतून एक जास्तीची जोडी आणून ती पाडली आणि मूळ रॉड तेलाच्या कापडात गुंडाळून ठेवल्या. पुढे गाडी विकायची झाली तर हाच शहाणपणा उपयोगी पडेल.

रॉडचा माथा एम्युलेटरच्या बुडाशी तंतोतंत जुळत नव्हता. त्यासाठी लेथवर दोन छोट्या बैठका कातून घेतल्या. पहिल्या जोडीत एका बैठकीचा वरचा पृष्ठभाग किंचित तिरका आला होता. डोळ्यांना दिसत नव्हता. काचेवर शाई लावून त्यावर बैठक फिरवली तेव्हा एकाच बाजूला शाई लागली. ती तशीच बसवली असती तर एका नळीत तेल बाजूने गळत राहिले असते आणि दोन नळ्यांचे डॅम्पिंग वेगळे झाले असते. त्या लेथच्या मालकाने काही न बोलता दुसरी कातून दिली. एम्युलेटर आणि बैठक यांची मिळून जेवढी उंची होते तेवढा स्पेसर कापून कमी करायचा असतो, नाहीतर नकळत प्रीलोड वाढतो. हे गणित सोपे आहे, पण घाईत विसरले जाते. झडपेची स्प्रिंग वरच्या बाजूला येईल असाच एम्युलेटर खाली सोडायचा. बुडाच्या बोल्टखालचा तांब्याचा वॉशर आणि दोन्ही ऑइल सील नवे टाकले.

नव्या स्प्रिंगा आणि १८ मिलिमीटर प्रीलोड यांवर सॅग मोजला : नुसत्या गाडीचा २४, चालकासह ६० मिलिमीटर. दोन्ही आकडे एकाच वेळी जागेवर आलेले मी प्रथमच पाहिले. येथपर्यंत डॅम्पिंगचा प्रश्न आलेलाच नाही, हे मुद्दाम लक्षात आणून देतो. नरम स्प्रिंगची भरपाई डॅम्पिंगने करू पाहणे म्हणजे पायाशिवाय भिंत बांधणे आहे. वजन अधिक असणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे की खिशात एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर आधी स्प्रिंग घ्यावी. एम्युलेटर नंतर घेता येतो.

आता प्रत्यक्ष जुळवणी. मी पाबे घाटापलीकडे अडीच किलोमीटरचा एक ठरावीक फेरा निवडला. त्यात गोट्यांनी भरलेला एक कोरडा ओढा आहे, भातखाचरांचे तीन बांध आहेत आणि शेवटी मुरमाचा तीव्र उतार आहे, ज्यावर ब्रेकमुळे लाटांसारखे खड्डे पडलेले आहेत. प्रत्येक फेरीपूर्वी टायरमधील हवा तीच ठेवायची, फेरीनंतर केबल टाय किती वर सरकला ते मोजायचे आणि वहीत लिहायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे, कारण दोन गोष्टी एकदम बदलण्याचा मोह फार होतो.

पहिल्यांदा झडपेच्या स्प्रिंगला दोन फेरे ताण (म्हणजे ताणाचा बोल्ट दोनदा पूर्ण फिरवून), १० दर्जाचे तेल आणि तेलाच्या वर १४० मिलिमीटर हवेची पोकळी ठेवून निघालो. ओढ्यात शिरताच जाणवलेला फरक मी विसरणार नाही. सवयीने मी हँडल घट्ट आवळले होते आणि गोटे चाकाखालून जात असताना तो धक्का हातापर्यंत आलाच नाही. चाक आपले काम खाली करत होते आणि हँडल जवळपास स्थिर होते. मात्र बांधावरून उतरल्यावर फोर्क ट्रॅव्हलच्या अगदी शेवटापर्यंत, १८८ मिलिमीटरपर्यंत गेला आणि लगेच उसळी मारून वर आला. ही उसळी अपेक्षितच होती. स्प्रिंग कडक झाली की ती दाबलेली शक्ती अधिक जोराने परत करते, म्हणून तिला आवरण्यासाठी रिबाउंडचे डॅम्पिंगही वाढवावे लागते. आधी तेल बदलून १५ चे घातले. गाडी उभी करून हँडल जोराने दाबून सोडले तर फोर्क एकदाच वर येऊन थांबला पाहिजे, वर येऊन पुन्हा खाली बसता कामा नये. १५ च्या तेलावर तो तसा थांबला. ओढ्यात खाली बसत जाण्याचा जुना दोष परतला नाही, म्हणजे तेल गरजेपेक्षा जाडही झालेले नव्हते.

नंतर झडपेकडे वळलो. तिचा ताण तीन फेऱ्यांवर नेला तेव्हा बांधाखाली १७८ मिलिमीटर ट्रॅव्हल वापरला गेला आणि उतारावर ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाक आधीसारखे जमिनीकडे जाईनासे झाले. उत्सुकतेपोटी ताण चार फेरेही करून पाहिला. तेव्हा १६० मिलिमीटरच वापरला गेला, उतार आणखी ठाम वाटला, परंतु ओढ्यात टोकदार दगड लागला की चाक त्याच्यावरून जाण्याऐवजी बाजूला फेकले जाऊ लागले. पुन्हा तीनवर आलो. शेवटचा बदल हवेच्या पोकळीचा केला. फोर्क पूर्ण दाबून, स्प्रिंग बाहेर काढून, नळीच्या तोंडापासून तेलाच्या पातळीपर्यंत जे अंतर मोजतात ते १४० वरून १३० केले. ही कोंडलेली हवा म्हणजे शेवटच्या टप्प्यातली अदृश्य स्प्रिंगच असते. सुरुवातीच्या ट्रॅव्हलमध्ये तिचा फारसा पत्ता लागत नाही, पण फोर्क बुडाकडे जाऊ लागला की ती झपाट्याने कडक होते. माझ्यासारख्या वजनदार माणसाला चुकून पडलेल्या मोठ्या फटक्यात तीच वाचवते. मात्र तिची हाव धरू नये. पोकळी फार कमी केली की आतला दाब वाढून सील फुटते, हे मी आधीच्या कारखान्यात पैसे मोजून शिकलो आहे.

तेलाविषयी आणखी एक सूचना करावीशी वाटते. डब्यावरचा १०, १५ हा आकडा सर्व कंपन्यांमध्ये एकसारखा नसतो. एका कंपनीचे १५ चे तेल दुसऱ्या कंपनीच्या १० च्या तेलाच्या जवळ असू शकते. खरी जाडी कळते ती ४० अंश सेल्सिअसला दिलेल्या सेंटिस्टोकच्या आकड्यावरून, आणि तो कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. म्हणून एकदा जुळवणी केली की कंपनी बदलू नये. बदललीच तर डब्यावरचा दर्जा न पाहता सेंटिस्टोक पाहून बदलावी.

या संचाची मोठी मर्यादा अशी की त्याला बाहेरून फिरवण्याची सोय नाही. झडपेचा ताण अर्धा फेरा बदलायचा तरी पुढचे चाक उचलून, वरची टोपणे उघडून, स्प्रिंगा बाहेर काढून, वाकवलेल्या तारेने एम्युलेटर तेलातून वर ओढावा लागतो. हात बसल्यावर मला यासाठी सुमारे पाऊण तास लागतो; पहिल्यांदा अडीच तास लागले होते. सकाळी ओढा आणि दुपारी डांबरी रस्ता अशी वेगवेगळी जुळवणी ज्याला हवी आहे, त्याच्यासाठी ही वस्तू नाही. एकदा नीट बसवून वर्षभर तिला विसरून जाणाऱ्यासाठी ती आहे. दुसरी मर्यादा नळीची. एम्युलेटरने डॅम्पिंग सुधारते, नळीचा व्यास वाढत नाही. ३७ मिलिमीटरचा फोर्क तिरक्या फटक्याखाली थोडा पिळला जातो आणि १०८ किलो भाराखाली ते जाणवते. त्याबद्दल एम्युलेटरला दोष देता येणार नाही, परंतु विकत घेणाऱ्याला ते माहीत असावे.

वजनाच्या हिशेबाने सांगायचे तर ७५ किलोंच्या आतल्या चालकाने, जो बहुतांशी डांबरी रस्त्यावर चालतो, यावर पैसे घालण्याचे मला कारण दिसत नाही. ताजे तेल योग्य पातळीला भरून आणि सॅग मोजून त्याचे काम भागेल. ९० किलोंच्या पुढचा आणि दर रविवारी दगडांत जाणारा जो आहे, त्याने स्प्रिंग व एम्युलेटर दोन्ही मिळून घ्यावेत असे मी ठामपणे सांगतो. नुसता एम्युलेटर मूळ स्प्रिंगांवर बसवू नये. सॅग ४४ टक्केच राहिला तर झडप कितीही चांगली असली तरी तिला काम करायला ट्रॅव्हल उरणार नाही.

पावसाळ्यानंतर ४,००० किलोमीटरला मी तेल बदलले. निघालेले तेल राखी रंगाचे झाले होते, पण त्यात चमचमणारे धातूचे कण नव्हते. झडपेची चकती काढून उजेडात धरली. तिच्या कडेवर झीज दिसली नाही आणि ताणाच्या बोल्टवर रंगाने केलेली खूण जागची हललेली नव्हती. सील कोरडे होते. त्याच झडपा, त्याच तीन फेऱ्यांवर, १५ चे ताजे तेल आणि १३० मिलिमीटर पोकळी ठेवून परत बसवल्या आहेत. पुढचा फोर्क असा सावरल्यापासून मागचा शॉक मात्र माझ्या वजनाखाली उघडा पडला आहे. चढाला गाडी मागे बसते आणि पुढचे चाक हलके होते. त्याची स्प्रिंग मोजण्यासाठी गेल्या आठवड्यात मी ती भोसरीला देऊन आलो.